एकादशीची चौदा मिनिटं

कार्ड हरवल्याचं मला सकाळी नऊ वाजता कळलं आणि बँकेला मी सांगितलं संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मधले दहा तास मी घरातच होते, शुद्धीत होते, फोनही घरातच होता. हे सगळं मी बँकेच्या फॉर्मवर माझ्या हातानं लिहून दिलं. पुढचं जे झालं ते तिथून सुरू झालं.

त्या दिवशी पौष वद्य एकादशी होती. एकादशीला सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत मी मौन धरते. एकोणीस वर्षं झाली. सासूबाईंना एकदा मी नको ते बोलले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. माफी मागायची राहिली ती राहिलीच. तेव्हापासून महिन्यातले दोन दिवस तोंड बंद. लिहून सांगायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, फार तर मान हलवायची. फोन बंद करून साड्यांच्या कप्प्यात. घरात आमच्या यांना आणि लेकीला, ऋताला, याची सवय आहे. बाहेर मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की कौतुक होतं, आणि कौतुक झालं की व्रताचं काही उरत नाही.

आदल्या दिवशी, दशमीला, मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये परसराम शेठकडे गेले होते. शेठचं पुढे परकर, गाउन आणि फॉलचं दुकान, मागे शिवणखोली. मी अंबरनाथला घरी बसून त्यांचे परकर शिवते आणि आठवड्याला गाठोडं पोचवून येते. शिलाई महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होते. बारा वर्षं हे चाललंय. त्या दिवशी ऋतासाठी दोन गाउन घेतले आणि पैसे कार्डानं दिले. काउंटरवर सुयोग होता, शेठचा माणूस, तिशीतला, दोन मुलींचा बाप. त्यानं कार्ड मशीनमध्ये घातलं, मी नंबर दाबला, पिशवी उचलली आणि रिक्षा मिळते का बघत बाहेर आले. कार्ड मशीनमध्येच राहिलं असावं. असावं म्हणते, कारण मी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून पर्स उघडली तर कप्पा रिकामा. पिशव्या झाडल्या, गादी उचलली, गाउनच्या घड्या मोडल्या. हे पहाटेच पहिल्या पाळीला गेलेले, एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात. ऋता बदलापूरला नर्सिंगच्या हॉस्टेलवर. बँकेला चौथ्या शनिवारची सुट्टी. मी देवासमोर बसून विचार केला की कार्ड शेठच्या दुकानात असेल, शेठ परके नाहीत, आणि नंबर तर माझ्या डोक्यात आहे, त्याशिवाय त्या पट्टीला कोण विचारतो. नव्या कार्डाला नंबर लागतच नाही, मशीनला नुसतं टेकवलं तरी पाच हजारांच्या आतले पैसे जातात, हे मला माहीत नव्हतं. कार्डाबरोबर आलेल्या कागदावर ते छापलेलं होतं म्हणे. तो कागद मी परकराच्या मापासाठी कापला होता.

दिवा लावला, नमस्कार केला, फोन सुरू केला. चार मेसेज. चारही सकाळी अकरा ते एकमधले, चारही पाच हजारांहून थोडे कमी, आणि चारही शेठच्याच दुकानातले.

यांनी शेठला फोन लावला, मी बँकेला. त्या मुलीनं कार्ड बंद केलं, तक्रार नंबर दिला आणि सोमवारी शाखेत जाऊन फॉर्म भरा म्हणाली.

रविवारी आम्ही दोघं कॅम्प चारला गेलो. शेठ गल्ल्यावर नव्हते. मी पायरी चढले आणि चप्पल काढायच्या आतच सुयोग म्हणाला, "काकू, कार्ड इथं नाही राहिलेलं." मी अजून कार्डाचं नावही काढलं नव्हतं. यांनी माझा दंड दाबला. घरी येईपर्यंत रिक्षात हे एकच म्हणत होते, की बघ, चोराच्या मनात चांदणं, उद्या हेच लिहून दे. मी म्हटलं, तुम्ही काल शेठला फोन केला होता, शेठनं त्याला विचारलं असेल. तसं असेल तर त्या माणसाला मी उगाच तुरुंगात घालायचं का. हे म्हणाले, "तुझ्यासारखी गिऱ्हाइकं आहेत म्हणून लोकांची दुकानं चालतात."

शेठ नंतर फोनवर आले. रागावले नाहीत, पण बोलणं आखूड झालं होतं. "ताई, शनिवारी गर्दी असते. लोक टेकवतात, माल घेतात, जातात. मी तोंडं कुठं बघत बसू? बँकवाल्यांना सांगा, मशीन का हिसाब मशीन से पूछो." कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणाले, बँकेचं पत्र आणा, दाखवतो, पण आठ दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

सोमवारी फॉर्म भरताना तो रकाना आला. कार्ड हरवल्याचे कधी लक्षात आले. हे शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, संध्याकाळी सात लिही. मी सकाळी नऊ लिहिलं. पुढचा रकाना होता, कळवण्यास विलंबाचे कारण. तिथं लिहिलं, एकादशीचे मौन. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बाहेरच्या माणसासाठी ते शब्द लिहिले, तेही एवढ्याशा चौकटीत.

फॉर्म घेणाऱ्या बाई म्हणजे किर्ती मॅडम. वय पस्तिशीच्या आसपास, टेबलावर मुलाचा फोटो, बोलणं गोड. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. "काकू, तुम्ही नऊ का लिहिलंत?"

मी म्हटलं, नऊच वाजले होते.

त्यांनी पेन टेबलावर आपटल्यासारखं ठेवलं, पण शिक्का मारला. कॅमेऱ्यासाठी पत्र मागितलं तर म्हणाल्या, ते चौकशी विभाग देतो, इथून देता येत नाही. चौकशी विभागाचं पत्र शेठना तेविसाव्या दिवशी मिळालं. तोपर्यंत तो शनिवार पुसून गेला होता.

त्याच आठवड्यात मला पत्र आलं. इंग्रजीत होतं. ऋतानं फोनवर फोटो मागवला आणि वाचून दाखवता दाखवता मध्येच थांबली. त्यात तीन गोष्टी होत्या. आदल्या दिवशी मी स्वतः त्याच दुकानात कार्ड वापरलं होतं. त्या दुकानदाराकडून माझ्या खात्यात दरमहा पैसे येत होते. आणि कार्ड हरवल्याचं माहीत असूनही, चारही व्यवहार होऊन जाईपर्यंत आणि त्यानंतरही, मी कळवलं नव्हतं. त्यावरून ग्राहक आणि दुकानदार यांनी संगनमतानं खोटा दावा केल्याचा संशय आहे, म्हणून खातं पुढील आदेशापर्यंत गोठवण्यात येत आहे.

ऋता म्हणाली, "आई, गोठवलं म्हणजे माझी फी?"

तिच्या शेवटच्या वर्षाची फी आणि परीक्षेचा फॉर्म पंचवीस मार्चच्या आत भरायचा होता. ते पैसे त्याच खात्यात होते. चार वर्षांचे परकर होते ते. यांचा पगार घरभाड्यात आणि यांच्या गुडघ्यात जातो.

मी परत किर्ती मॅडमसमोर जाऊन बसले. त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, काकू, दोन रस्ते आहेत. एक, तुम्ही नाव द्या. त्या दुकानातला कुणीतरी आहे हे मलासुद्धा कळतं. नाव दिलंत की ते पोलिसांकडे जातं, तुम्ही त्यातून सुटता. मी म्हटलं, मी पाहिलं नाही. दुसरा रस्ता म्हणजे तक्रार मागं घ्यायची. तिचा छापील नमुना त्यांनी काढून दाखवला: सदर व्यवहार माझ्या माहितीने व संमतीने झाले असून गैरसमजातून तक्रार केली होती. खाली सही. दोन तासांत खातं उघडेल.

मी विचारलं, पैसे सोडते असं लिहून दिलं तर? ते गेलेले वीस हजार मला नकोत. फक्त मी खोटं बोलले नाही, एवढं बँकेनं लिहून द्यावं.

"तसा नमुना नाही, काकू," त्या म्हणाल्या. चेष्टा करत नव्हत्या. खरंच नव्हता.

मी सही केली नाही. घरी आल्यावर यांच्याशी भांडण झालं नाही, पण हे माझ्याकडे पाठ करून जेवले. पंचवीसेक वर्षांच्या संसारात ही नवीन गोष्ट होती. ऋताही फोनवर एकदाच म्हणाली, की आई, एका सहीनं देव रागावत असेल तर तो फार रिकामा बसलेला असेल. नंतर तिनंच सॉरी म्हटलं.

शेठनं काम थांबवलं. बँकेची चौकशी दुकानापर्यंत गेल्यावर त्यांचंही खातं तपासलं जात होतं. निरोप सुयोगकडून आला, की काकू, शेठ म्हणाले थोडे दिवस नको. मी त्याला मुलींची शाळा कशी चाललीय विचारलं. "चाललीय," म्हणाला आणि फोन ठेवला.

मी मुख्य कार्यालयाला अर्ज केला, किर्ती मॅडमनीच तो लिहायला मदत केली. त्या म्हणाल्या, अर्जावर एकदा फोन येईल, या किंवा पुढच्या आठवड्यात, वेळ सांगता येत नाही. तीनदा उचलला गेला नाही तर अर्ज निकाली निघतो. सगळं संभाषण रेकॉर्ड होतं, तेव्हा नीट बोला.

गुरुवारी एकदा वाजला तेव्हा मी नळावर होते. शुक्रवारी एकदा वाजला आणि उचलेपर्यंत बंद झाला. सोमवारी फाल्गुन शुद्ध एकादशी होती.

रविवारी संध्याकाळी मी यांना म्हटलं, उद्या तुम्ही घरी थांबाल का, फोन आला तर तुम्ही बोला. यांनी रजा टाकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कामाच्या दिवशी आम्ही दोघं सकाळी एकत्र घरात होतो. मी वरीचे तांदूळ निवडत बसले होते आणि फोन त्या दिवशी कपाटात न ठेवता देवघराच्या कट्ट्यावर होता. अकरा वाजून पाच मिनिटांनी वाजला.

यांनी उचलला. नाव सांगितलं, नातं सांगितलं. पलीकडून काय म्हणाले ते यांच्या चेहऱ्यावर दिसलं. हे म्हणाले, साहेब, त्यांचं आज मौन आहे, उद्या फोन करता का? मग ऐकत राहिले. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे आले.

"खातेदारानंच बोलायचं म्हणतोय. नाहीतर आत्ता बंद करतो म्हणतोय." यांनी फोन माझ्यासमोर धरला. "मी सांगत नाही तुला. तू ठरव."

देवघरातली समई मंद जळत होती. सासूबाईंचा फोटो शेजारच्या भिंतीवर आहे. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ऋताकडे पाहावं तसं फोनकडे पाहिलं आणि तो कानाला लावला.

आवाज माझा वाटला नाही. घोगरा आला, मग फुटला. पलीकडचा माणूस चांगला होता, सावकाश बोलत होता. नाव, जन्मतारीख, आईचं नाव, खात्याचे शेवटचे चार आकडे. मग त्या शनिवारचं. मी सगळं सांगितलं. कार्ड कुठं राहिलं असावं, कधी कळलं, शेठकडे किती वर्षं शिवते. त्यानं विचारलं, नऊ वाजता कळल्यावर तुम्ही बँकेला फोन का केला नाही? मी म्हटलं, एकादशीला मी दिवेलागणीपर्यंत बोलत नाही. तो म्हणाला, कधीच नाही? मी म्हटलं, एकोणीस वर्षांत कधीच नाही.

आणि हे मी त्याला एकादशीच्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता, सांगत होते.

ते माझ्या लक्षात आलं. शब्द तोंडातून गेल्यावर आलं. सांगावं का की आज पहिल्यांदाच मोडतेय, तुमच्यासाठी मोडतेय? वाटलं, त्यात आपलीच बढाई होईल. तो पुढचा प्रश्न विचारत होता. यांनी सुरुवातीला त्याला सांगितलंच होतं, त्यानं लिहून घेतलं असेल, असंही वाटलं. शेवटी तो म्हणाला, सहकार्याबद्दल धन्यवाद, मॅडम. फोन चौदा मिनिटं चालला. ठेवल्यावर मी वरीचं ताट पुढं ओढलं आणि निवडत राहिले. दिवेलागणीपर्यंत पुन्हा बोलले नाही. त्याला काही अर्थ नव्हता, पण बोलण्यालाही नव्हता.

दहा दिवसांनी उत्तर आलं, या वेळी मराठीत. यांनी मोठ्यानं वाचलं.

"ग्राहकाने एकादशीच्या दिवशी आपण बोलत नसल्याचे विलंबाचे कारण दिले आहे. तथापि दिनांक दहा मार्च रोजी एकादशी असताना ग्राहकाने आमच्या प्रतिनिधीशी चौदा मिनिटे संभाषण केल्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. सबब ग्राहकाचे विधान असत्य आढळून आले असून अर्ज फेटाळण्यात येत आहे."

म्हणजे तिथं कुणीतरी होतं, ज्यानं दिनदर्शिका उघडून पाहिली होती. नीट काम करणारा माणूस असणार.

यांनी कागद घडी करून चहाच्या डब्याखाली ठेवला. हसले. हसताना डोळ्यांवर हात होता, म्हणून किती वेळ हसत होते ते कळलं नाही. मग म्हणाले, त्या माणसाला सांगितलं होतं मी, मौन आहे म्हणून. ते कुठं गेलं? मी म्हटलं, तुम्ही खातेदार नाही, तुमचं कशाला ठेवतील.

वरच्या दारी जायचे अजून रस्ते आहेत, असं ऋताच्या मैत्रिणीचे वडील म्हणाले. दोन-तीन महिने लागतात. पंचवीस तारखेला पाच दिवस उरले होते. यांनी कारखान्यात उचल मागितली, मार्चअखेर म्हणून मिळाली नाही. माझी पाटली ऋताच्या प्रवेशाच्या वेळीच गेलेली.

पंचवीस मार्चला मंगळवार होता. फाल्गुन वद्य एकादशी.

मी एक दिवस आधी जाऊ शकले असते. सोमवारी सकाळी निघालेही होते, पालेगावच्या वळणापर्यंत रिक्षानं गेले आणि परत आले. बोलून ती सही करणं मला जमणार नव्हतं. किर्ती मॅडमनी विचारलं असतं, मग काकू, खरं काय? आणि मला काहीतरी म्हणावं लागलं असतं.

मंगळवारी पूजा केली, फोन बंद करून साड्यांत ठेवला आणि बँकेत गेले. मार्चअखेरची गर्दी होती. टोकनचे नंबर पुकारले जात होते. किर्ती मॅडमनी मला पाहिलं आणि काही न विचारता खणातून तो छापील कागद काढला. माझं नाव, खात्याचा नंबर, चारही व्यवहार आधीच भरलेले होते. किती दिवस तयार ठेवला होता कोण जाणे.

"वाचून घ्या, काकू."

मी वाचला. माझ्या माहितीने व संमतीने.

"काही शंका आहे?"

मी गप्प बसले.

"चिडू नका ना माझ्यावर. मी वरती दोनदा लिहिलं तुमच्यासाठी." त्या संगणकाकडे वळल्या, परत माझ्याकडे वळल्या. "बोला तरी काहीतरी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे गेलं. तिथं बँकेचंच कॅलेंडर होतं, त्यात तिथी बारीक अक्षरात असतात. त्या खुर्चीतून उठल्या, दोन पावलं जवळ जाऊन त्यांनी ते वाचलं आणि परत येऊन बसल्या. मागं टोकन एकशे बारा पुकारलं गेलं, कुणी आलं नाही, पुन्हा पुकारलं गेलं.

"काकू," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आज?"

मी मान हलवली.

"आणि त्या दिवशी फोनवर तुम्ही... आमच्यासाठी?"

मी मान हलवली.

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. मला वाटलं, फाडतात की काय. त्यांनी तो नुसता सरळ केला. संगणकावर काहीतरी उघडून पाहिलं, माझी फाईल असावी, आणि बंद केलं. फाईल बंद झाली होती. माझ्यावर कुणाचाही विश्वास बसला असता तरी तो लिहायला आता रकाना नव्हता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पेनचं टोपण काढून पेन माझ्यापुढे ठेवलं.

मी सही केली. मीनल शशिकांत, पूर्ण, वळणदार, शाळेत शिकवतात तशी.

खाली एक ओळ बँकेच्या माणसानं भरायची होती: ग्राहकास मजकूर वाचून दाखवला, ग्राहकाने तोंडी मान्य केले. किर्ती मॅडमचं पेन तिथं थांबलं. मग त्यांनी चौकटीत बरोबरची खूण केली आणि आद्याक्षरं घातली. माझ्याकडे पाहिलं नाही.

दोन वाजता खातं उघडलं. यांनी दुपारी सुटल्यावर माझ्या सहीचा चेक घेऊन बदलापूर गाठलं आणि ऋताबरोबर फी भरली. पावती घेऊन हे सहाला घरी आले. पावती देवासमोर ठेवली आणि पाटावर बसून माझ्या दिवा लावण्याची वाट पाहू लागले. ऋताचाही फोन येणार होता, सातनंतर, तिला आईशी बोलायचं होतं.

मी वात सारखी केली, तेल घातलं, दिवा लावला. नमस्कार केला. उठून यांच्याकडे वळले. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. दिवा लागला होता, आता बोलायला हरकत नव्हती. पहिलं काय बोलावं ते मला कितीतरी वेळ सुचलं नाही.